वाहत्या कानाचा स्वॅब: टोक नेमकं कुठं टेकलं?

कान सहा महिने वाहतोय. थेंब घालून झाले, गोळ्या झाल्या, पू काही थांबत नाही. मग केसपेपरवर एक ओळ पडते: इअर स्वॅब, कल्चर-सेन्सिटिव्हिटी. म्हणजे कानातला पू काडीवर घेऊन त्यातले जंतू उगवायचे आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं. तीन दिवसांनी कागद येतो. त्यावर एका जंतूचं नाव आणि दहा-बारा औषधांपुढं एस (लागू पडतं) किंवा आर (पडत नाही). या कागदावर डॉक्टर आणि पेशंट दोघांचाही भारी विश्वास असतो. पण तो कागद मध्यकर्णातल्या जंतूविषयी बोलतोय की कानाच्या बाहेरच्या नळीत एरवीही राहणाऱ्या जंतूविषयी, हे लॅबमध्ये ठरत नाही. स्वॅबचं टोक जिथं टेकलं तिथंच ते ठरून गेलेलं असतं, आणि नंतर कितीही महागडं मशिन आणलं तरी ती चूक निस्तरत नाही.

मोठ्या माणसाची कर्णनलिका साधारण अडीच सेंटीमीटर लांब. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा. केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी तेवढ्याच भागात. आतला भाग हाडाचा, त्यावरची कातडी पातळ आणि जरा धक्का लागला तरी कळवळायला लावणारी. त्यापुढं पडदा, पडद्याला भोक, आणि भोकातून दिसणारं मध्यकर्णाचं ओलसर अस्तर. नमुना हवा तो या शेवटच्या मुक्कामावरचा. वाटेतल्या कातडीवर कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस आणि डिफ्थेरॉइड हे कायमचे बिऱ्हाडकरू. स्वॅब नळीच्या तोंडाशीच फिरवला की रिपोर्टात हेच उगवतात.

एवढंच असतं तर सोपं होतं. बिऱ्हाडकरू ओळखून बाजूला काढता आले असते. अडचण अशी की सतत वाहणाऱ्या कानात नळीची कातडी कायम भिजलेली असते आणि ओल म्हटली की स्यूडोमोनास एरुजिनोसा तिथं मुक्काम ठोकतोच. जुनाट वाहत्या कानात जगभर सर्वाधिक सापडणारे दोन जंतू म्हणजे हा स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्यांच्या मागं प्रोटियस मिराबिलिस, क्लेबसिएला, ई. कोलाय, कधी अ‍ॅसिनेटोबॅक्टर. म्हणजे नळीतून घेतलेल्या स्वॅबमध्ये स्यूडोमोनास आला तर तो आतला असूही शकतो, नसूही शकतो. नाव ओळखीचं निघालं म्हणून नमुना बरोबर होता असं होत नाही.

कुणाचा घ्यायचा, कुणाचा नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत पडद्याला भोक असून दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा कान जुनाट धरतात. बरेच कानाचे सर्जन सहा आठवडे किंवा तीन महिन्यांची मर्यादा धरतात. याच संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात जगातल्या वाहत्या कानांचा अंदाज ६.५ ते ३३ कोटी लोक असा दिला होता आणि भारताचा समावेश सर्वाधिक प्रमाणाच्या गटात केला होता. एवढ्या सगळ्यांचे स्वॅब घेणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. पहिल्यांदा आलेल्या वाहत्या कानाला आधी नीट सफाई आणि क्विनोलोनचे (सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या अँटिबायोटिकचे) थेंब, दोन आठवडे. एवढं मनापासून करूनही कान कोरडा झाला नाही, तर स्वॅब. 'मनापासून' म्हणायचं कारण, अपयशी ठरलेल्या थेंबांपैकी बरेचसे मध्यकर्णापर्यंत पोचलेलेच नसतात. ते वरच्या पुवात तरंगून उशीवर उतरलेले असतात.

पेशंटच्या बोलण्यातल्या दोन-तीन गोष्टी मात्र थेट स्वॅबकडे नेतात: मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती, कानावर आधी झालेलं ऑपरेशन, रुग्णालयात बराच मुक्काम. ताप, डोकेदुखी, उलट्या, चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा कानामागं सूज यांपैकी काही असेल तर नमुना घ्यायचाच, पण रिपोर्टची वाट बघायची नाही. पेशंट त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवा.

कोरड्या कानाचा स्वॅब घेऊ नये. हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. भोक आहे, पू नाही, तरी 'ऑपरेशनच्या आधी एक स्वॅब असू दे' म्हणून काडी फिरवली जाते आणि कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूसाठी पेशंटला दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात.

तयारी: थेंब, तेल आणि तारीख

अँटिबायोटिकचे थेंब चालू असताना घेतलेला नमुना बहुतेक वेळा 'नो ग्रोथ' येतो, किंवा त्या थेंबांना न जुमानणारा एखादाच जंतू वर दिसतो. थेंब निदान तीन दिवस, जमल्यास सात दिवस बंद हवेत. पोटात घ्यायची अँटिबायोटिकही तशीच. पेशंट आजारी असेल आणि थांबणं धोक्याचं असेल तर थांबू नका, फक्त शेवटचा थेंब कधी घातला ते फॉर्मवर लिहा.

थेंब बंद केले का, एवढं विचारून भागत नाही. आपल्याकडं कानात तेल घालतात: कोमट खोबरेल, लसूण तळलेलं तेल, कुठं मोहरीचं. पेशंटच्या लेखी ते औषध नाही, त्यामुळं तो आपणहून सांगणार नाही. तेलकट पू काचपट्टीवर नीट चिकटत नाही, जंतू ओळखायला लावतात तो ग्रॅमचा रंग धड बसत नाही, आणि बुरशीचा संशय असेल तर सगळंच गढूळ होतं. म्हणून 'कानात काय काय घातलं?' असा मोकळा प्रश्न विचारा. नदी-विहिरीत पोहणं, डोक्यावरून अंघोळ, कापूस कोंबून ठेवणं, हेही त्याच दमात विचारून घ्या.

काडी कसली

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती लाकडी काडीवर कापूस गुंडाळलेली, नळीत बंद. कानासाठी ती जवळजवळ निरुपयोगी. तिचं बोंड इतकं जाड की लहान मुलाच्या कानात ते भोकापर्यंत पोचतच नाही. दोन्ही बाजूंनी कातडी घासत जातं आणि घासतच बाहेर येतं. शिवाय कापसातली स्निग्धाम्लं आणि लाकडातले काही घटक नाजूक जंतूंना मारक ठरतात. पातळ दांडीची, बारीक टोकाची रेयॉन, पॉलिएस्टर किंवा फ्लॉक्ड नायलॉनची काडी घ्यावी. फ्लॉक्ड म्हणजे टोकावर मखमलीसारखे उभे तंतू असलेली. गुंडाळलेल्या कापसात नमुना आत अडकून बसतो. इथं तो पृष्ठभागावरच राहतो आणि लॅबमध्ये सहज सुटतो. नमुना पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी) जाणार असेल तर कॅल्शियम अल्जिनेटची काडी टाळा, ती त्या तपासणीत खोडा घालते.

एका कानाला किमान दोन काड्या: एक कल्चरला, एक काचपट्टीला. बुरशीचा संशय असेल तर तिसरी. एकच काडी हाताशी असेल तर आधी जंतू उगवायच्या प्लेटवर टोक फिरवायचं आणि मग काचपट्टीवर, कारण काचपट्टी निर्जंतुक नसते. उलटा क्रम झाला की काचपट्टीवरचे जंतू प्लेटवर उगवतात.

बाकी सामान फार नाही. हेडलाइट किंवा मायक्रोस्कोप, ऑटोक्लेव्ह केलेले, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेले, वेगवेगळ्या मापांचे इअर स्पेक्युलम (नळीत घालायचं नरसाळं; दर कानाला दोन, का ते पुढं येतंच), १८ किंवा २० गेजचं सक्शनचं टोक, जॉब्सन-हॉर्न प्रोब, निर्जंतुक कापूस, १ किंवा २ मि.ली.ची सिरिंज, आणि नवीन फोडलेलं सलाइन. सलाइन नवीनच का? ट्रॉलीवर तीन दिवस उघडी पडलेली बाटली हे स्यूडोमोनासचं आवडतं घर. त्या बाटलीनं कान पुसून घेतलेल्या सगळ्या पेशंटांना एकाच आठवड्यात एकसारखा स्यूडोमोनास निघाला, तर दोष कानांचा नसतो. प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं सलाइनही नको; त्यातलं रसायन जंतू मारतं.

प्रत्यक्ष घेताना

पेशंटला पाठीवर झोपवा, वाहता कान वर. बसवूनही घेता येतं, पण मग मान मागून टेकलेली हवी. मोठ्या माणसाची कानाची पाळी वर आणि मागं ओढायची. तीन वर्षांच्या आतल्या मुलाची खाली आणि मागं. लहान मूल आईच्या मांडीवर आडवं, आईचा एक हात मुलाच्या कपाळावर, दुसरा त्याच्या दोन्ही हातांवरून. पाय आईच्या मांड्यांमध्ये. मुलाला आधी काडी दाखवा आणि त्याच्या हाताच्या पाठीवर फिरवून दाखवा. तेवढ्यानं निम्मं काम होतं.

आधीच सांगून ठेवा: खोकला येईल. कर्णनलिकेच्या कातडीला व्हेगस मज्जातंतूची एक शाखा येते आणि तिथं हात लागला की काहींना ठसका लागतो. ठसक्यासरशी डोकं उडतं आणि काडी भोकातून आत जाते. म्हणून काडी धरलेल्या हाताची करंगळी पेशंटच्या गालावर टेकलेली हवी, डोकं हललं तर हातही सोबत हलतो.

आता कळीचा भाग. पहिलं स्पेक्युलम घाला आणि नळीत साचलेला सगळा पू, मळ, कोंडा सक्शननं किंवा प्रोबला गुंडाळलेल्या कोरड्या कापसानं काढून टाका. हा पू नमुना नव्हे. तो कितीही भरपूर आणि 'चांगला' दिसला तरी फेकायचा. कातडीवरून वाहत आल्यामुळं तो वाटेतल्या सगळ्यांना भेटून आलेला असतो. कानात पाणी मारून धुवायचं नाही, पडद्याला भोक आहे. सलाइन लागलंच तर अंगाच्या तापमानाचं, थोडं, आणि लगेच ओढून घेतलेलं. थंड सलाइन किंवा जोराचं सक्शन आतल्या कानाला हुडहुडी भरवतं आणि पेशंट चक्कर येऊन टेबलावरून घसरू पाहतो.

कातडी निर्जंतुक करण्याचा मोह इथं होतो. ऑपरेशनच्या सवयीनं स्पिरिट, पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन कानात सोडलं जातं. भोक असलेल्या कानात हे नकोच. क्लोरहेक्सिडीन आतल्या कानाला विषारी आहे, ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. स्पिरिट भयंकर झोंबतं. आणि या तिन्हींचा अंश राहिला तर आपण ज्याला शोधतोय तोच जंतू मरतो. बाहेरची पाळी आणि नळीचं तोंड ७० टक्के अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या, तेवढं पुरे. झायलोकेनचा फवाराही नमुना घेईपर्यंत थांबवा. लिग्नोकेन भूल देतं तसं जंतूंची वाढही रोखतं.

नळी साफ झाली की पहिलं स्पेक्युलम काढा आणि दुसरं, निर्जंतुक, घाला. हे दुसरं स्पेक्युलम म्हणजे काडीसाठी बांधलेला बोगदा. ते हाडाच्या भागापर्यंत गेलं की काडीला कातडी शिवायची संधीच राहत नाही. पहिलंच तसंच ठेवून काम उरकलं तर त्याच्या कडेला लागलेला नळीतला पू काडीला लागतो आणि आधीची सगळी सफाई वाया जाते.

आता अर्धं-एक मिनिट थांबा. पेशंटला नाक दाबून हळूच कान फुगवायला सांगितलं तर भोकातून ताजा पू वर येतो. कधी तो नाडीबरोबर लुकलुकताना दिसतो. हाच हवा. काडी सरळ आत न्या, टोक भोकाशी किंवा भोकातल्या अस्तराला अलगद टेकवा, ५ ते १० सेकंद जागच्या जागी फिरवा आणि स्पेक्युलमला न लागता बाहेर काढा. स्पेक्युलमला लागलीच तर ती काडी काचपट्टीला वापरा, कल्चरला नवी घ्या.

टोक टेकवायची जागा निवडताना भोकाच्या मागच्या-वरच्या बाजूला जाऊ नका. तिथं ऐरण आणि रिकीब ही हाडं असतात, आणि जुन्या रोगात चेहऱ्याच्या मज्जातंतूवरचं हाड झिजलेलं असू शकतं. पुढच्या-खालच्या बाजूनं जावं. लालसर दाणेदार मांस दिसलं तर ते घासू नका, रक्त येतं आणि पुढचं काही दिसत नाही. काडी टेकल्याबरोबर गरगरलं, डोळे थरथरले, तर हात थांबवा: आतल्या कानाला भगदाड असण्याची शक्यता आहे आणि हा कान आता स्वॅबचा राहिलेला नाही.

पू भरपूर असेल तर काडीपेक्षा ओढलेला पू केव्हाही सरस. सलाइन लावायच्या कॅन्युलाची सुई काढून फेकायची, उरलेली मऊ प्लॅस्टिकची नळी १ किंवा २ मि.ली.च्या सिरिंजला लावायची आणि भोकाशी नेऊन हलकेच ओढायचं. ०.१ ते ०.२ मि.ली. मिळाला तरी लॅबचं काम होतं. काडीवर यापेक्षा कितीतरी कमी बसतं आणि त्यातलंही बरंचसं काडीवरच राहतं.

घाण वास येणारे कान

वाहत्या कानाला कुजका वास असेल तर हवा नको असणारे जंतू डोक्यात ठेवा: प्रिव्होटेला, बॅक्टेरॉइड्स, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस, फ्यूसोबॅक्टेरियम. कोलेस्टिटोमाच्या (मध्यकर्णात साचत वाढणाऱ्या कातडीच्या गोळ्याच्या) पांढऱ्या पापुद्र्यांत हे हमखास. साध्या काडीवर, हवेत, ते लॅबपर्यंत जिवंत पोचत नाहीत; मग रिपोर्टात फक्त प्रोटियस उगवतो आणि वासाचं सगळं खापर त्याच्यावर फुटतं. त्यांच्यासाठी ओढलेलाच पू हवा. सिरिंजमधली हवा पूर्ण बाहेर काढून तोंडाला टोपण लावा (सुई लावून तिला रबरी बुचात खोचण्याची जुनी पद्धत सोडा, त्यात बोटं टोचतात) आणि अर्ध्या तासात लॅबला द्या, किंवा पू थेट रॉबर्टसन कुक्ड मीटच्या (अशा जंतूंसाठीच्या माध्यमाच्या) बाटलीत तळाशी सोडा. फ्रीजमध्ये ठेवू नका. लॅबला आधी फोन करून विचारा की अ‍ॅनरोबिक जार (हवेविना जंतू वाढवायचं भांडं) चालू आहे का. बऱ्याच ठिकाणी नसतो, आणि मग ही सगळी धडपड फुकट.

कोलेस्टिटोमा असेल तर कल्चरनं उपचाराची दिशा बदलत नाही, हेही पेशंटला स्पष्ट सांगावं. तिथं ऑपरेशन लागतंच.

वाटेत काय होतं

माध्यम (जंतूंना वाटेत जिवंत ठेवणारा पदार्थ) नसलेली कोरडी काडी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या गावी नमुना एसटीनं जाणार असेल तर अमीज माध्यम लागतंच, आणि तरीही २४ तासांच्या आत. अमीजमागं एक छान तर्क आहे. त्याच्या आधीच्या स्टुअर्ट माध्यमात ग्लिसरोफॉस्फेट असे. काही ग्रॅम-निगेटिव्ह जंतू (ग्रॅमच्या रंगात गुलाबी दिसणारे, स्यूडोमोनास-प्रोटियससारखे) तेच खाऊन प्रवासात वाढत. १९६७ साली अमीजनं ते काढून साधं फॉस्फेट घातलं आणि विषारी घटक शोषायला कोळशाची पूड मिसळली. कानाच्या पुवात असे खादाड ग्रॅम-निगेटिव्हच जास्त, त्यामुळं हा बदल आपल्या फार कामाचा. फक्त कोळसा असलेल्या माध्यमातली काडी काचपट्टीला वापरू नका. सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके दिसतात आणि त्यातला कोकाय (गोल जंतू) कुठला नि कोळसा कुठला हे ओळखताना डोळे शिणतात.

तापमान २० ते २५ अंश. पुस्तकात याला 'रूम टेम्परेचर' म्हणतात, पण मे महिन्यातल्या अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या खोलीला ते लागू नाही. ४० अंशांवर पडलेल्या नमुन्यात स्यूडोमोनास आणि प्रोटियस बाकीच्यांना गिळून टाकतात. थर्माकोलच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला थंड पॅक ठेवा, नळी पॅकला थेट चिकटू देऊ नका.

लेबल नळीवर लावायचं, टोपणावर नाही. टोपणं लॅबमध्ये अदलाबदल होतात. दोन्ही कान वाहत असतील तर दोन स्वतंत्र नमुने, कारण दोन कानांत दोन वेगळे जंतू असणं मुळीच दुर्मीळ नाही. उजवा म्हणजे पेशंटचा उजवा. फॉर्मवर किती दिवसांपासून वाहतोय, शेवटचा थेंब कोणता नि कधी, पुवाचा वास आणि रंग, कोलेस्टिटोमा दिसला का, आधीचं ऑपरेशन, आणि नमुना भोकातून घेतला की नळीतून, हे लिहा. शेवटची नोंद जवळजवळ कुणीच करत नाही, आणि रिपोर्टचा अर्थ लावताना तीच सगळ्यात जास्त लागते.

लॅबच्या टेबलावर

काडी काचपट्टीवर घासू नका, लोळवा. घासली की पेशी फुटतात. ग्रॅमच्या पट्टीवर पुवाच्या पेशी भरपूर आणि चपट्या कातडीच्या पेशी मोजक्याच असतील तर नमुना आतला मानायला हरकत नाही. उलट असेल, म्हणजे कातडीच्या पेशींचा थर आणि पुवाच्या पेशी तुरळक, तर काडी नळीतच फिरली. अशा वेळी प्लेटा लावण्याआधी वॉर्डला फोन करून नवा नमुना मागावा. हा एक फोन तीन दिवस वाचवतो.

प्लेटा नेहमीच्याच: ५ टक्के मेंढीच्या रक्ताचं ब्लड अगार, चॉकलेट अगार (५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये), मॅकॉन्की. ३५ ते ३७ अंशांवर, २४ तासांनी पहिला पाहणी-फेरा, न उगवल्यास ४८ तासांपर्यंत. ब्लड अगारवर प्रोटियस लाटांसारखा पसरतो आणि खाली दडलेला स्टॅफिलोकॉकस दिसतच नाही. मॅकॉन्कीतल्या पित्तक्षारांमुळं तो पसरणं थांबतं, पण तिथं स्टॅफिलोकॉकसही नीट उगवत नाही. त्यामुळं प्रोटियसची शंका येताच सीएलईडी या माध्यमाची एक प्लेट लावून ठेवणं शहाणपणाचं; तिथं प्रोटियस पसरत नाही आणि स्टॅफिलोकॉकस उगवतो. स्यूडोमोनासची ओळख तर नाकालाच पटते: द्राक्षासारखा गोडसर वास, हिरवट निळी छटा, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ४२ अंशांवरही वाढ. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी ट्यूब कोअ‍ॅग्युलेज चार तासांनी वाचायलाच हवी. नुसती रात्रभर ठेवून सकाळी पाहिली तर काही जंतू तयार झालेली गुठळी पुन्हा विरघळवतात आणि उत्तर खोटं निगेटिव्ह येतं.

काळे ठिपके असलेला, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लगदा कानात दिसला असेल तर तो अ‍ॅस्परजिलस नायजर. १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) बघा आणि साबुराँ या बुरशीच्या माध्यमावर लावा. साबुराँमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल चालेल, सायक्लोहेक्झिमाइड नको, कारण ते अ‍ॅस्परजिलसलाच दाबतं. महिनोन् महिने थेंब घातलेल्या कानात बुरशी सापडली तर नवल मानू नका.

सेन्सिटिव्हिटीत जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या टिकल्या (डिस्क) ठेवतात आणि त्यांच्याभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ मोजतात. इथं चुका होतात त्या कंटाळ्यापोटी. मॅकफारलंड ०.५ ची गढूळता म्हणजे एका मि.ली.त साधारण १५ कोटी जंतू; डोळ्यांच्या अंदाजानं केलेलं द्रावण दाट झालं की वर्तुळं लहान येतात आणि चांगलं औषध 'आर' होतं. द्रावण १५ मिनिटांत वापरायचं. म्यूलर-हिंटन या अगारची जाडी ४ मि.मी.; प्लेट पातळ ओतली की वर्तुळं फुगतात. १० सें.मी.च्या प्लेटवर पाच-सहा डिस्क, बारा नाहीत. एमआरएसएसाठी (मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी) सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम, २१ मि.मी. किंवा कमी म्हणजे एमआरएसए. कोलिस्टिनची डिस्क लावूच नका. ते रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत आणि उत्तर भरवशाचं येत नाही.

कागद हातात आल्यावर

आता ज्याची कुणी फारशी चर्चा करत नाही ती गोष्ट. रिपोर्टातलं 'एस' आणि 'आर' हे गोळी किंवा इंजेक्शननं रक्तात औषध किती पोचतं, यावर बेतलेलं असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत स्यूडोमोनासला रोखायला एका मि.ली.त २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त लागलं की लॅब 'आर' लिहिते. कानाचे थेंब ०.३ टक्के असतात, म्हणजे एका मि.ली.त ३००० मायक्रोग्रॅम. दीड हजार पट. त्यामुळं 'सिप्रो आर' आलं म्हणून थेंब निकामी ठरत नाहीत. नीट साफ केलेल्या कानात तेच थेंब पुष्कळदा काम करतात. गोळी मात्र करणार नाही. उलटही खरं आहे: 'जेंटामायसिन एस' दिसलं म्हणून भोक असलेल्या, कोरडा होत आलेल्या कानात जेंटामायसिनचे थेंब लिहिणं म्हणजे आतला कान पणाला लावणं.

'नो ग्रोथ' आलं की तीन शक्यता. थेंब चालू होते. जंतू हवा नको असणारे होते. किंवा ते अस्तराला चिकटून, स्वतःभोवती चिकट पापुद्रा विणून बसले होते आणि काडीला लागलेला वरचा पू जवळजवळ रिकामा होता. स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस दोघंही असा बायोफिल्म करतात. तीन किंवा जास्त जंतू एकत्र आले तर बहुधा नळीचा नमुना आहे. सगळ्यांवर एकदम औषधं मारण्यापेक्षा पुन्हा घ्या.

ऑपरेशनच्या वेळी मिळणारा दाणेदार मांसाचा किंवा मॅस्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) अस्तराचा तुकडा हा सगळ्यांत खात्रीचा नमुना. तो निर्जंतुक डबीत, दोन-चार थेंब सलाइनमध्ये द्यायचा. फॉर्मालिनमध्ये टाकला की संपलं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये हातात येणारी पहिली बाटली फॉर्मालिनचीच असते. म्हणून तुकड्याचे दोन भाग करा: एक सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राला, एक फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला.

कान न दुखता वाहतोय, पडद्याला एकापेक्षा जास्त भोकं, आतलं मांस फिकट, भोकाच्या मानानं बहिरेपणा फार, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर हा क्षयाचा कान असू शकतो. आपल्या देशात हे कायम मनात असायला हवं. साधं कल्चर इथं काही सांगत नाही आणि काडीवर क्षयाचे जंतू फार थोडे येतात. ओढलेला पू किंवा तुकडाच हवा: झेडएन पट्टी (क्षयाच्या जंतूंसाठीचा रंग), सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी; दोन तासांच्या आसपास उत्तर, रिफाम्पिसिनचा प्रतिकारही कळतो) आणि द्रव माध्यमात कल्चर, जे निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात. नमुना घेण्याआधी क्विनोलोनच्या गोळ्या देऊ नका. क्षयाचे जंतू त्यांनी अर्धवट दबतात, कान थोडा सुकतो, सगळ्यांना बरं वाटतं आणि निदान काही महिने पुढं जातं.

वापरलेल्या काड्या आणि कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि कॅन्युलाच्या नळ्या लाल पिशवीत. उगवलेल्या प्लेटा मात्र ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय लॅबच्या बाहेर जात नाहीत. स्पेक्युलमवर पू वाळू देऊ नका. धुऊन मग ऑटोक्लेव्ह, कारण वाळलेल्या पुवाखाली वाफ पोचत नाही आणि पुढच्या पेशंटचा 'निर्जंतुक बोगदा' आधीच्या पेशंटचा स्यूडोमोनास घेऊन येतो.